लेखकाच्या खोडी

बेल्ह्याच्या बैलबाजारात सोमाजी गुंजाळ ज्या लिंबाखाली उभे राहतात, तिथे बसायला एक चांगला सपाट दगड आहे. ते त्यावर कधी बसत नाहीत. बसलेल्या दलालाकडे गिऱ्हाईक येतं ते निम्मं नाराज होऊनच येतं, असं त्यांचं मत आहे. दगडावर त्यांची पिशवी असते. पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी आणि बैलाचे दात बघून झाल्यावर हात पुसायला एक फडकं.

भाव ठरवायची रीत सगळ्या दलालांची एकच. घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि खाली बोटांनी बोलायचं. भोवती कितीही माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. सोमाजींचं वेगळेपण उपरणं टाकायच्या आधी दिसतं. ते बैलाचा कासरा हातात घेतात आणि पहिलं वाक्य बोलतात ते त्याच्या खोडीचं.

"ह्यो नवा माणूस डाव्या अंगानं आला की शिंग टाकतो. उजवीकडून या."

"ह्याला दुपारचं पाणी चुकलं तर जू घेत न्हाई. आधी पाणी, मंग काम."

बैलाचा मालक शेजारी उभा राहून आठ्या घालतो. सोमाजी त्याच्याकडे बघत नाहीत. खोड झाली की दात, मग खूर, मग चाल आणि सगळ्यात शेवटी गुण. गुण आधी सांगितला की ऐकणाऱ्याचे कान भरतात आणि खोड आत शिरत नाही, असं ते म्हणतात.

या सवयीनं धंदा वाढतो की बुडतो, यावर बाजारात दोन मतं आहेत. शेजारच्या झाडाखाली उभे राहणारे सावळेराम हे सोमाजींचे जुने सोबती आणि तितकेच जुने प्रतिस्पर्धी. त्यांचं मत ठाम आहे. "सोमाजी बैल इकत न्हाई, बैलाची बदनामी करतो." पण डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची डोंगरातली माणसं बाजारात आली की सरळ लिंबाखाली येतात. त्यांचं कारण साधं आहे. बैल मे महिन्यात न्यायचा, रस्ता संपेपर्यंत टेम्पोत आणि पुढे पायवाटेनं चालवत. त्याची खोड कळते ती पाऊस लागल्यावर, भातखाचरात चिखल करताना. तेव्हा बैल परत आणायला सवड नसते आणि दुसरा मिळत नाही. या माणसांनी सोमाजींच्या पहिल्या वाक्यावर आजवर बैल नेले आहेत.

अशा माणसाचं पुस्तक निघेल असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. अपवाद सुनेचा. इंद्रायणी ओतूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लग्न होऊन आली तेव्हा तिला बैलातलं काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण सासऱ्यांचं बोलणं तिला ऐकावंसं वाटे. कुणी घरी बैलाचं विचारायला आला की ती ओसरीच्या कट्ट्यावर आपला फोन ठेवी आणि सांगे, "बोला मामा, चालू केलंय." मामा फोनकडे एकदा संशयानं बघत आणि बोलायला लागत. दोन वर्षांत बरंच जमलं. तिनं ते सगळं उतरवून काढलं, प्रकरणं पाडली, 'बैल घ्यायला जाताना' असं नाव दिलं आणि पुण्याच्या एका लहान प्रकाशनाकडे पाठवलं. तिथल्या संपादक श्रेया यांना ते आवडलं. बैल घ्यायला जाणारी माणसं आता कमी आहेत, पण घ्यावा असं वाटणारी पुष्कळ आहेत, असं त्यांनी फोनवर सांगितलं.

पुस्तक छपाईला जाण्याआधी श्रेयांनी लेखक-परिचय मागवला. दोन हवेत, म्हणाल्या. मागच्या कव्हरसाठी थोडा मोठा आणि ऑनलाइन विक्रीच्या पानासाठी लहान. 'मी' म्हणून लिहायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी ओळख करून द्यावी तसा लिहायचा.

इंद्रायणीनं असं काही कधी लिहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती ग्रंथालयातली पुस्तकं उलटी करून मागचे परिचय वाचू लागली. घरी येऊन तिनं परिचय कसा लिहावा हे शिकवणारे व्हिडिओ पाहिले. सगळ्यांचं सांगणं सारखंच होतं. पहिल्या ओळीत वजन पाहिजे, अनुभव मोठा दिसला पाहिजे, वाचणाऱ्याचा विश्वास बसला पाहिजे. तिनं लिहिलं:

'महाराष्ट्रातील ख्यातनाम पशुतज्ज्ञ सोमाजी गुंजाळ यांनी गेल्या चार दशकांत हजारो बैलांची अचूक पारख केली आहे. त्यांचा अंदाज आजवर एकदाही चुकलेला नाही.'

पुढे अजून काही ओळी होत्या, त्याच चालीच्या. सोबत फोटो होता. फेटा बांधलेले सोमाजी एका देखण्या खिल्लार बैलाचा कासरा धरून उभे. लिहून झाल्यावर तिनं तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला आणि तिला सासऱ्यांचा अभिमान वाटला. मामांना मात्र तिनं तो वाचून दाखवला नाही. पुस्तक छापून आल्यावर हातात द्यायचं, असं तिच्या मनात होतं.

ऑनलाइन पान पुस्तकाच्या आधी आलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी सोमाजी चहाला गेले तेव्हा हॉटेलात सावळेराम मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बसले होते.

"या, पशुतज्ज्ञ!" ते ओरडले. "सरका रं, तज्ज्ञांना जागा द्या."

सोमाजींना वाटलं नेहमीचीच थट्टा आहे. ते बाकावर टेकले. सावळेरामांनी सगळा परिचय मोठ्यानं वाचून काढला. त्यांचा आवाज हॉटेलच्या बाहेर बैलांपर्यंत जात होता.

"एकदाबी चुकलेला न्हाई!" त्यांनी दुसरी ओळ पुन्हा घेतली. "मंग बोरीच्या पावण्याला त्यो पांढरा कुनी दिला व्हता राव? जुवाखाली बसला त्यो उठला न्हाई. का बैलच चुकला म्हनायचा?"

"माझ्याच हातनं गेला व्हता," सोमाजी म्हणाले. "माझी चूक व्हती, आन् ती मी हितंच बसून सांगितली व्हती."

"हितं लिवल्याली न्हाई ती."

"हे मी लिवलंच न्हाई."

"नाव तुझं, फोटू तुझा, फेटाबी तुझाच. मंग लिवलं कुनी? त्या खिल्लारानं?"

हॉटेल हसलं. सोमाजीही थोडे हसले. बाजारात टोमण्याचं कुणी मनावर घेत नाही. चहा संपवून ते लिंबाखाली गेले.

तिथे गेणू असवले उभे होते. डोंगरातले जुने गिऱ्हाईक. भातशेतीला त्यांना एक बैल हवा होता आणि त्यांच्यासाठी सोमाजींनी एक डांगी बैल बघून ठेवला होता. डांगी म्हणजे पावसाच्या मुलखातला बैल, चिखलात टिकणारा. त्याचा मालकही त्याला घेऊन आला होता. गेणूभाऊ मघाशी हॉटेलातच होते, मागच्या बाकावर.

"या गेणूभाऊ," सोमाजी घाईनं म्हणाले. "ह्यो बगा. अस्सल डांगी. पावसाला हटनार न्हाई, तुमच्याच कामाचा."

गेणूभाऊ जागचे हलले नाहीत. त्यांनी बैलाकडे लांबूनच पाहिलं, मग सोमाजींकडे.

"सोमाजीभाऊ," ते म्हणाले, "तुमी गुण आधी सांगितला."

सोमाजींच्या हातात कासरा तसाच राहिला.

"त्ये चुकून झालं. ऐका, ह्याची खोड..."

"आसू द्या. आज नगं." गेणूभाऊंनी पिशवी खांद्याला लावली. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "ज्याचं कदीच चुकलं न्हाई त्याच्याकडनं बैल घ्यायचा म्हंजी आमाला भ्या वाटतं, राव. आमची वाट लांबची. बगू फुडच्या बाजाराला."

ते रिकाम्या हातानं गेले. दुसऱ्या दलालाकडेही थांबले नाहीत. मे महिना संपत आला होता.

त्या दिवशी सोमाजी दुपारीच घरी आले. इंद्रायणीला सुट्टी होती. बयाबाई, म्हणजे सोमाजींच्या पत्नी, चुलीपुढे होत्या. सोमाजींनी बाजारातलं सगळं सांगितलं, अगदी गेणूभाऊंच्या शब्दांसकट. आवाज चढवला नाही. घरच्यांना त्याचीच काळजी वाटली, कारण या माणसाचा आवाज एरवी मीठ मागतानाही वस्तीभर ऐकू जातो.

"वाच," ते सुनेला म्हणाले. "सगळं वाच."

तिनं वाचलं. वाचताना तिला पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं वाटलं.

"मामा, असंच लिहितात," ती म्हणाली. "ओळख करून देणारा माणूस दुसरा असतो. लेखक स्वतःबद्दल बोलत नाही."

"म्हंजी मला बाजारात हुबा केलाय आन् कासरा तुज्या हातात."

"हं. तसंच."

"मंग खोड कुटं हाय?"

इंद्रायणीनं मजकूर पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला.

"पोरी, तू चांगल्या मनानं लिवलंस, ते कळतंय. पर आता माज्याकडं कोन येनार? मी खोड सांगतो म्हनून येत्यात. मोबाइलात म्हनतोय मी चुकतच न्हाई, आन् लिंबाखाली म्हनतोय ह्या बैलात खोट हाय. दोन्हीतलं एक खोटं धरत्यात लोकं. त्यांना काय कळनार, कंचं?"

तिनं लगेच पुण्याला फोन लावला. ऑनलाइन मजकूर केव्हाही बदलता येतो, श्रेया म्हणाल्या, पण कव्हर दोन दिवसांत छपाईला जाणार. नवा परिचय उद्यापर्यंत पाहिजे.

"आता लिव," सोमाजी म्हणाले आणि कट्ट्यावर बसले. "मी सांगतो."

त्यांनी सांगितलं तसं तिनं टाइप केलं.

'सोमाजी भिवा गुंजाळ. वयानं उतरलेला, पुढचे दोन दात पडलेले. उजवा गुडघा दुखतो, चढाला चालत नाही. सातवीत बसला तो उठला नाही. मोठ्यानं बोलतो. जेवल्यावर झोप लागते, तेव्हा सांगितलेलं धरू नये. बोरीच्या पावण्याला दिलेला बैल बसका निघाला. म्हशीतलं कळत नाही. पुस्तक लिहिलेलं नाही, बोललेलं आहे. लिहिलं सुनेनं.'

"गुण?" इंद्रायणीनं विचारलं.

"गुण पुस्तकात हायेत की. घेईल त्यो बगंल."

तिनं ते तसंच पाठवून दिलं. थोड्याच वेळात फोन वाजला. इंद्रायणीनं फोन स्पीकरवर ठेवून कट्ट्यावर मांडला, नेहमीच्याच जागी.

"काका," श्रेया म्हणाल्या, "मला हे फार आवडलंय. पण हे वाचून पुस्तक कोण घेणार?"

"ज्याला पायजे त्यो घील."

"ऐका ना. ऑनलाइन पानावर फक्त पहिल्या दोन ओळी दिसतात. पुढचं वाचायला 'अधिक वाचा' दाबावं लागतं, आणि फार थोडे लोक दाबतात. तुमच्या पहिल्या दोन ओळींत काय दिसतंय माहितीये? दात पडलेत आणि गुडघा दुखतोय."

आतून बयाबाईंचं हसू ऐकू आलं.

"बाजारात तरी गिऱ्हाईक कुटं समदं ऐकतं," सोमाजी म्हणाले. "दोनच वाक्यं ऐकतं. म्हनून तर खोड आधी."

इंद्रायणी फोनजवळ सरकली. ती म्हणाली, "मामा, एक विचारू? गेणूभाऊंना भाताच्या चिखलाला बैल पाहिजे. तुम्ही त्यांना सांगता का, हा बैल गाडा-शर्यतीच्या घाटात मागं पडतो?"

"त्ये कशाला? त्यांना कुटं घाटात पळवायचाय?"

"मग वाचणाऱ्याला तुमच्या गुडघ्याचं काय करायचंय? त्याला तुम्हाला चढावर न्यायचंय का?"

सोमाजींनी उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"ज्या कामाला घेतोय त्या कामातली खोड सांगायची," ती म्हणाली. "हे तुमचंच आहे. तिसऱ्या प्रकरणात आहे."

"मी बोललो व्हतो आसं?"

"रेकॉर्डिंग आहे."

"बरं. गुडगा काढ. दातबी काढ." मग ते म्हणाले, "झोपंचं ऱ्हाऊ दे."

"झोपेचंही काढायचं. छापलेलं पुस्तक दुपारी झोपत नाही."

झोप निघाली. सातवीवर थोडी घासाघीस झाली आणि तीही निघाली. म्हशी राहिल्या, कारण 'बैल घ्यायला जाताना' वाचणारा माणूस उद्या म्हैस घेतानाही त्याच भरवशावर जाईल, असं सोमाजींचं म्हणणं पडलं आणि ते श्रेयांनाही पटलं. बोरीच्या पावण्याचा बैल राहिला. पुस्तकात चुकलेल्या व्यवहारांचं एक प्रकरण आहेच, त्याचा उल्लेख परिचयात करावा असं ठरलं.

"आता शेवटची ओळ," श्रेया म्हणाल्या. "'पुस्तक लिहिलेलं नाही, लिहिलं सुनेनं.' ही मात्र काढू या, काका. लेखकाच्याच परिचयात लेखकानं लिहिलं नाही असं म्हटलं, तर वाचणारा गोंधळतो."

"मीही तेच म्हणणार होते," इंद्रायणी म्हणाली. "बोललात तुम्ही. मी नुसतं उतरवून घेतलं. ते काही खोडीत येत नाही."

"न्हाई कसं?" सोमाजींचा आवाज दुपारनंतर पहिल्यांदा नेहमीच्या उंचीला गेला. "हीच तर कामातली खोड! गुडगा काढला, दात काढलं, समदं तुमचं ऐकलं. आता मला सांगा, नांगराला म्हनून बैल इकायचा आन् त्याचा नांगर दुसराच बैल वढतो हे झाकायचं? उद्या कुनी आला, म्हनला, सोमाजी, तुजं पुस्तक वाचलं, आता हितं दोन ओळी लिवून दाव. मंग मी काय दावू? फेटा?"



"मग कव्हरवर त्यांचंही नाव घालावं लागेल," श्रेया म्हणाल्या. "शब्दांकन म्हणून, तुमच्या नावाखाली."

"घाला की."

इंद्रायणी पाणी आणायला म्हणून आत गेली. भरलेला तांब्या कट्ट्यावर फोनशेजारीच होता.

ती परत आली तेव्हा फोटोचा विषय चालू होता. बैलाबरोबरचा फोटो किती छान आहे, असं श्रेया सांगत होत्या.

"त्यो बैल माझा न्हाई," सोमाजी म्हणाले. "दुसऱ्याचा कासरा धरून मी हुबा ऱ्हायलो म्हंजी बैल इकायला आलाय आसं धरत्यात. फोटू बगून मला फोन आलं, कितीला देता म्हनून. मालक भांडायला यील. निस्ता माजा लावा. आन् बिनफेट्याचा."

"ठीक आहे. अजून काही राहिलंय का? एखादी शेवटची ओळ हवी, जरा घरगुती. कव्हरसाठी."

सोमाजींनी विचार केला. बैलाची खरी खोड मालकाला विचारून कळत नाही, असं ते म्हणाले. मालकाला ती दिसत नाही किंवा सांगायची नसते. रोज वैरण टाकणाऱ्याला विचारायचं. म्हणून ते बैल बघायला कुणाच्या घरी गेले तर आधी घरातल्या बाईशी बोलतात.

"मग तुमची वैरण कोण टाकतं?" श्रेयांनी विचारलं.

बयाबाई तवा उतरवून बाहेर आल्या. पदराला हात पुसले आणि फोनच्या जवळ वाकून, पलीकडे कुणी बहिरं असल्यासारख्या म्हणाल्या, "कुनाचं ऐकत न्हाईत. लिवा."

"ए, आसं काय न्हाई," सोमाजी म्हणाले. "आत्ता गुडगा काढला न्हाई का?"

"बगा. ऐकत्यात का?"

श्रेया हसत होत्या. हसू आवरल्यावर त्यांनी सांगितलं की शब्दांकन करणाऱ्याचाही एक लहान परिचय लागेल, दोन ओळींचा.

"तिच्या खोडी मी सांगते," बयाबाई म्हणाल्या.

"आत्या!"

"फोन कट्ट्यावर ठिवती आन् ह्यांचं ऐकत बसती. तव्यावर भाकर करपती. ही कामातलीच खोड हाय का न्हाई?"

"कामातलीच हाय," सोमाजींनी निकाल दिला.

रात्रीच्या जेवणाआधी मजकूर पुण्याला गेला. कव्हरवर जे छापलं गेलं ते असं:

'सोमाजी गुंजाळ बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे व्यवहार जुळवतात आणि घेणाऱ्याला बैलाची खोड आधी सांगतात. म्हशीतले त्यांना फारसे कळत नाही, म्हणून या पुस्तकात म्हशी नाहीत. बैल पारखताना ते चुकले आहेत. त्या चुकांचे वेगळे प्रकरण आहे. हे पुस्तक ते बोलले. लिहिले त्यांच्या सूनबाई इंद्रायणी गुंजाळ यांनी. सोमाजी कुणाचे ऐकत नाहीत, असे त्यांच्या पत्नी बयाबाई सांगतात.'

त्याखाली एक ओळ होती: 'इंद्रायणी गुंजाळ ओतूरला ग्रंथालयात काम करतात. हे पुस्तक ऐकताना त्यांच्या बऱ्याच भाकरी करपल्या.' ऑनलाइन पानावरही हाच मजकूर गेला; तिथे पहिली दोन वाक्यं दिसत होती, बैलांचं आणि म्हशींचं. बाकीचं दाबल्यावर.

पुढच्या बाजाराला सावळेराम पुन्हा मोबाइल लांब धरून बसले होते. या वेळी वाचताना ते स्वतःच मध्येमध्ये थांबत होते.

"म्हशीतलं कळत न्हाई! हे मातर शंभर टक्के खरं हाय. माज्या मेव्हन्याला इचारा." लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, लेखकच सांगतो मी लिवलं न्हाई, मग पुस्तक घ्यायचं कशाला? त्यावरही लोक हसले. बयाबाईंच्या वाक्याला सावळेरामांनी मोबाइल खाली ठेवला. "वैनी येकट्याच खऱ्या," ते म्हणाले. "बाकी आपुन पशुतज्ज्ञच म्हननार. एकदा म्हनलं ते म्हनलं."

हे नाव आजही गेलेलं नाही. सोमाजी त्याला 'ओ'ही देत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.

गेणू असवले त्या दिवशी हॉटेलात होते. त्यांनी सगळं ऐकलं, चहा बशीत ओतून सावकाश प्यायला आणि मग लिंबाखाली आले. डांगी तिथेच बांधलेला होता. मालक त्याला परत घेऊन आला होता, पण कुणी नेला नाही तर पुन्हा आणणार नाही, असं त्यानं सकाळीच सोमाजींना बजावलं होतं. पश्चिमेकडे आभाळ भरून येत होतं.

सोमाजींनी या वेळी कासऱ्याला हात लावला नाही.

"म्हशीतलं खरंच कळत न्हाई?" गेणूभाऊंनी विचारलं.

"न्हाई."

"आमाला वाटलं लई कळत आसंल."

"कुनी इचारलं न्हाई कदी."

गेणूभाऊंनी मान हलवली. "तुमच्या मालकिनीनं सांगितलं ते?"

"तेबी खरंच आसंल. मला काय त्यातलं दिसत न्हाई."

गेणूभाऊंच्या तोंडावर थोडं हसू आलं. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून दगडावर, सोमाजींच्या पिशवीशेजारी ठेवली.

"हं. बोला मंग."

सोमाजींनी कासरा हातात घेतला.

"ह्यो उताराला पाय टाकायला लई येळ लावतो," ते म्हणाले. "तुमच्या वाटंला उतार हाय. मागनं घाई केली तर हुबाच ऱ्हातो, मारलं तरी हालत न्हाई. त्याच्या मनानं येऊ द्यावं लागतं. नगं आसला तर आत्ताच सांगा."

गेणूभाऊंनी डोळे बारीक करून आपली वाट आठवली. कुठे उतरण, कुठे ओढा, कुठे दगड.

"आजून?"

"पोरं जवळ आलेली चालत न्हाईत. मोट्या मानसाला काय करीत न्हाई."

"पोरं आता समदी पुन्याला हायेत," गेणूभाऊ म्हणाले.

ते उजव्या अंगानं बैलाजवळ गेले. जबडा धरून दात बघितले, खांद्यावर हात फिरवला, मागे सरकून बैलाला चार पावलं चालवायला लावलं. मग त्यांनी हात पुढे केला. सोमाजींनी खांद्यावरचं उपरणं काढून त्यावर टाकलं.

"पावणं!" शेजारच्या झाडाखालून सावळेराम ओरडले. "गुण ऐकायचं ऱ्हायलं की!"

उपरण्याखालची बोटं थांबली नाहीत.